उकिरडा गेला तो वैशाख

वैशाख लागला की आमच्या आळीतलं संध्याकाळचं बोलणं जरा तुटक होतं. ऊन कललं की वारा फिरतो, खाडीवरून येऊ लागतो, आणि ओट्यावर बसलेला कुणीतरी म्हणतो, "आज जास्तच येतोय, नाही?" दुसरा म्हणतो, "काल एवढा नव्हता." काय येतोय, ते कुणी सांगत नाही. सभ्य माणसं वासाचं नाव घेत नाहीत, खिडकी लावून घेतात. मग बंद घरात घाम पुसत बसल्यावर मोकळ्या हवेचं महत्त्व सगळ्यांना पटतं.

वास भरणीचा आहे. खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे खाऱ्या पाणथळीत, गावाचा कचरा टाकतात, त्यावर माती लोटतात आणि त्या जागेला भरणी म्हणतात. ती यंदा आणखी पुढे सरकणार, पार नाल्यापर्यंत येणार, अशी बातमी आहे. म्हणून आळीत अर्ज फिरतो आहे. माझ्याकडे आला तेव्हा मीही सही केली. सही करण्यासारखं सोपं आणि पवित्र वाटणारं दुसरं काम मला तरी ठाऊक नाही. मात्र अर्जातल्या एका वाक्यावर मी अडखळलो. 'आमचा पूर्वापार स्वच्छ व आरोग्यदायी असलेला परिसर' असं ते वाक्य होतं. लिहिणारा तरुण आहे, नुकताच डोंबिवलीहून इथे बिऱ्हाड हलवून आलेला. पूर्वापार म्हणजे काय ते त्याने आम्हाला विचारलं नाही, आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही.

पूर्वी आळीच्या मागे, परसभेंडीच्या मोठ्या झाडांखाली, उकिरडा होता.

तेव्हा स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. कल्याण हे अजून गावच होतं. वैशाखात माजघरात गवतावर आंबे पिकत असत, अंगणात पापड आणि फेण्या वाळत असत, आणि घराघरातून आगोटीची धांदल असे. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं सामान भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. तांदूळ, डाळी, कोकम, मसाला, आणि आमच्या आळीतल्या मासळी खाणाऱ्या घरांत सोडे. कोळंबी सोलून वाळवली की तिचे सोडे होतात. श्रावण ज्याला पाळायचा त्याने पाळावा, पण आषाढ आमच्याकडे सोड्यांच्या खिचडीशिवाय निभत नसे.

त्या दिवसांत आमच्या आळीत कचरा नव्हता. हे वाक्य फुशारकीचं वाटेल, म्हणून फोड करतो. चुलीत राख होती; तिने भांडी घासली जात. करवंट्या होत्या, त्या बंबात जात. वर्तमानपत्र आधी वाचलं जाई, मग फडताळात अंथरलं जाई, मग वाण्याकडे जाऊन पुड्या होऊन घरी परत येई. एका मोठ्या पुढाऱ्याचं भाषण मी असं दोनदा वाचलं आहे. दुसऱ्या वेळी त्याला जिऱ्याचा वास होता, त्यामुळे ते जास्त पटलं. लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं व्हायचं, आणि पायपुसण्याचं काय होई ते मला माहीत नाही. ते मेलेलं मी कधी पाहिलं नाही. प्रत्येक टाकाऊ वस्तूला एक घेणारा होता. त्यामुळे तिला टाकाऊ म्हणायची वेळच येत नसे.

बांगड्यांच्या काचांनाही घेणाऱ्या होत्या. वैशाख म्हणजे लग्नं आणि मुंजी. कासार ओट्यावर बसायचा, घरातल्या बायका एकेक करून हात पुढे करायच्या, आणि चुडा चढवताना दहांतल्या दोन बांगड्या तरी 'वाढायच्या'. फुटल्या असं म्हणायचं नाही. बांगडी वाढली की भोवती बसलेल्या मुली चिमण्यांसारख्या तिच्यावर पडत. काचेचा एक कण जमिनीवर राहत नसे. त्या काचा पत्र्याच्या डबीत जात, आणि दुपारी ओट्यावर काचापाण्याचा खेळ रंगे. सोनेरी वेलाच्या एका तुकड्यासाठी हिरवे किती द्यायचे यावर होणारी भांडणं मी ऐकली आहेत. सावकारांनी धडे घ्यावेत अशी ती होती.

उरायचं ते उकिरड्याला. भाज्यांची देठं, आंब्याची सालं, जेवणावळीच्या पत्रावळी, झाडलेला पाला, शेण, आणि कोळंबीची डोकी व मासळीची खवलं. सगळं कुजणारं. ते वर्षभर कुजायचं, आणि अक्षय तृतीया झाली की शहाडच्या पलीकडून, टिटवाळ्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरून गोमा बैलगाडी घेऊन यायचा. पाच-सहा खेपांत तो उकिरडा तळापर्यंत खरवडून आपल्या भातशेतीला नेई. त्याबद्दल त्याने आम्हाला काही द्यायचं नव्हतं, आम्ही त्याला काही द्यायचं नव्हतं. दिवाळी मागे पडली की तो नव्या भाताचे पोहे आणून घरोघरी मूठमूठ वाटे, आणि ते आपल्या उपकारात जमा धरे.

गोमा काही भोळाभाबडा शेतकरी नव्हता. तो अट्टल बढाईखोर होता. आपला डावा बैल एका सुभेदाराच्या घराण्यातला आहे असं तो शपथेवर सांगायचा. खोटं सापडलं की दुसरी शपथ घ्यायचा. उकिरडा उपसताना त्याचं तोंड चालू असायचं, आणि त्याचा आवाज आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. कुठल्या घराच्या मागे काय पडतं ते तो खत चाळवून सांगे.

"औंदा दादासायबांचे घरान कोलंबी लय झाली हो!" त्या वैशाखात तो असाच ओरडला.

दादासाहेब म्हणजे आमच्या आळीचे भूषण. कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर आपण मत्स्याहार सोडला, असं त्यांनी ज्याला त्याला सांगितलं होतं. न विचारणाऱ्यालाही सांगितलं होतं. गोमाचं ओरडणं ऐकून आळीत दोन-चार खिडक्यांतून खोकल्याची उबळ आली. दादासाहेब बाहेर आले.

"गोमा, तुला खत न्यायचं आहे का पंचनामा करायचा आहे?"

"खतच नेतंय, सायेब. पन बेस खत हाय. खानाऱ्याचे पोटाला लागो."

माझी बायको सुधा परसात विहिरीशी उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. दादासाहेबांनी तो पदर पाहिला असावा. कारण आठवड्याभरात 'नागरिक आरोग्य संवर्धक मंडळ' स्थापन झालं. नाव आळीपेक्षा लांब होतं. पेटीवर स्वागतगीत झालं, हार झाले, आणि अध्यक्ष दादासाहेबांनी कचरा हा राष्ट्राचा शत्रू आहे, असं सांगितलं. शत्रू दाखवायचा तर आधी तो उभा करावा लागतो. मंडळाने ठरवलं की कुठल्याही घरात टाकाऊ वस्तू साठवून ठेवलेली आढळता कामा नये. साठवणं हाच अस्वच्छपणा. स्वयंसेवक घरोघर फिरले. राखेच्या पाट्या, करवंट्यांचे ढीग, जुने डबे, चिंध्यांची गाठोडी, सगळं बाहेर निघालं. मुलींच्या काचांच्या डब्याही निघाल्या, कारण काच धोक्याची. त्या दिवशी आळीत जेवढं रडणं झालं तेवढं एखाद्या पाठवणीलाही होत नाही.

हे सगळं एकत्र करून उकिरड्यावर लोटलं. गोमाची शेवटची खेप व्हायची होती.

"अहो, त्या काचा कुठे टाकल्या?" सुधाने मला विचारलं.

"उकिरड्यात. स्वच्छता झाली."

"झाली म्हणजे कुठे झाली?" ती म्हणाली. "इथली उचलली आणि तिथे ठेवली. त्याला आवराआवर म्हणतात."

गोमा आला तेव्हा ढीग फुगलेला पाहून खूश झाला. "औंदा तुमची ही सारी आली दानशूर झाली!" असं म्हणून त्याने गाडी भरली. वर आलेले मोठे डबे तेवढे त्याने बाजूला फेकले. राखेत आणि सालींत मिसळलेली काच दिसत नव्हती. गाडी रस्त्याला लागली. सुभेदाराच्या घराण्यातला बैल शेपटी उडवत चालला होता. आळी झाडल्यासारखी दिसत होती, आणि मंडळाने एक छायाचित्र काढून घेतलं.

पुढच्या वैशाखात गोमा आला तो रिकाम्या पाटीने, फावड्याशिवाय. गाडी त्याने रस्त्यावरच सोडली आणि सरळ दादासाहेबांच्या ओट्याच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. आम्ही चार माणसं तिथे बसलो होतो. माई, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी, दारात सुपारी कातरत होत्या, आणि सुधा व शेजारच्या दोघी त्यांच्यापाशी बसल्या होत्या. गोमाने कनवटीची चिंधी सोडली आणि पायरीवर उलटी केली. हिरव्या काचा. त्यांत एक सोनेरी वेलाची.

"तुमचे लगनाची कांकनं," तो म्हणाला.

बायकांनी माना फिरवल्या. वाढलेल्या बांगड्यांकडे बघत नाहीत.

लावणीच्या चिखलात त्याच्या बायकोच्या टाचेत काच शिरली होती. ती निघाली, पण तिच्यामागे दुसरी होती. पाय सुजला, पिकला. शेजारपाजारच्यांनी लावणी उरकून दिली, आणि बाई बांधावर बसून राहिली. ती अजून बसलेलीच होती.

"अरे, पण चिखलात पाय जपून टाकायचा," दादासाहेब म्हणाले.

"जपून कसा टाकू, सायेब? चिखल हाय तो, तुमचा दिवानखाना नाय."

त्या दिवशी त्याच्या आवाजात बढाईचा लवलेश नव्हता, म्हणून तो ऐकवत नव्हता. सुधा पुढे झाली. म्हणाली, "गोमा, आम्ही बायका बसून निवडून देऊ. काच-पत्रा वेगळा काढू. यंदा नेऊ नकोस हवं तर, पण पुढच्या साली ये."

"वयनी, तांदूल निवडता येतात," तो म्हणाला. "यो नाय."

चिंधी झटकून त्याने खांद्यावर टाकली आणि गेला. काचा पायरीवरच राहिल्या. त्या उचलायला आळीतली एकही मुलगी धावली नाही. वर्षभरात त्या दुसरं काहीतरी खेळायला शिकल्या होत्या. शेवटी मोलकरणीने त्या केरसुणीने लोटल्या. कुठे, ते सांगायला नको.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या उकिरड्याचे पांग दर वर्षी फिटत होते. आता ते थांबलं, आणि त्याचा ढीग झाला. ज्येष्ठात पाऊस लागल्यावर तो वाहत वाहत परसात शिरला. तेव्हा मंडळाची तातडीची सभा भरली, उकिरडा बुजवायचं ठरलं, आणि त्या जागी सिमेंटचा गोल डबा बसवण्यात आला. त्याचं उद्घाटन झालं. डब्याला हार घालण्यात आला. संध्याकाळी तो हार डब्यात होता. एका ठेकेदाराची बैलगाडी रोज सकाळी डबा रिकामा करून खाडीवर नेऊ लागली.

डबा आला आणि आळीचा हात सैल झाला. करवंटी बंबापर्यंत नेण्यापेक्षा डबा जवळ होता. राखेने हात खराब होतात हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं. कागद, चिंध्या, फुटके कप, औषधांच्या बाटल्या, सगळं एकाच तोंडात जाऊ लागलं. ते कुठे जातं हे विचारायचं कारण नव्हतं. सकाळी उठून पाहावं तर डबा रिकामा. असा चमत्कार रोज घडत असला म्हणजे त्यावर श्रद्धा बसायला वेळ लागत नाही.

ते मथुरेच्या खळ्यावर जात होतं.

मथुरा कोळीण रोज सकाळी आमच्या मागच्या दाराशी पाटी उतरवायची. नवऱ्याची होडी होती आणि तिचं खाडीकाठी खळं होतं. शेणाने सारवलेली ती मोकळी जमीन मी पाहिली होती. आमच्या घरात देवघरापुढेही इतकं नीट सारवण नसे. वैशाखाच्या उन्हात त्यावर गुलाबी जवळा आणि सोडे पसरलेले असत, आणि मथुरा काठी घेऊन कावळ्यांना त्यांच्या आईवडिलांवरून बोलत असे. तिचं निम्मं वर्ष त्या खळ्यावर वाळायचं. पावसात होडी बंद, तेव्हा घर चालायचं ते वैशाखातल्या सोड्यांवर. तीही काही देवमाणूस नव्हती. कालची कोळंबी आजच्या कोळंबीखाली दडवण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. सुधा आणि ती रोज भांडायच्या, आणि एक दिवस मथुरा आली नाही तर सुधाला करमायचं नाही.

पावसाळा सरल्यावर मथुरा नवऱ्याला घेऊन मंडळाच्या सभेला आली. नवरा दारात उभा राहिला. ती आत आली.

"दादासायेब, तुमचा कचरा आमचे खल्याला लागला."

"खाडी केवढी मोठी आहे, मथुरे. तुम्ही जरा पलीकडे सरकून वाळवा."

"पलीकडं पानी हाय. पान्यावर वालवू?"

कुणीतरी हसलं. मथुरा हसली नाही. "मना एक सांगा," ती म्हणाली, "मानसं तेवढीच, घरं तेवढीच. मग यवढा कचरा आला कुठून? आधी नवता तो."

या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला येत होतं. दादासाहेबांनी ठराव मांडला: प्रत्येक कुटुंबाने आपला कचरा निम्म्यावर आणावा. सगळे हात वर झाले. हात वर करण्यात आमची आळी कधीच मागे नव्हती. गाडीने दुसरीकडे जावं, असा ठराव मात्र कुणी मांडला नाही. दुसरीकडे म्हणजे कुणाकडे, हा प्रश्न निघाला असता.

ठराव पाळण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. आमच्याकडे राखेची पाटी पुन्हा आली. दोन-तीन घरांनी करवंट्या साठवल्या. पण माघात दादासाहेबांच्या नातवाची मुंज निघाली, सगळी आळी जेवली, आणि पत्रावळींनी डबा भरून रस्त्यावर ओसंडला. पूर्वी अशा पत्रावळी उकिरड्यावर पडायच्या आणि गोमाच्या भातात उगवायच्या. आता ठेकेदाराला एक जादा खेप करावी लागली. त्यानंतर ठरावाचा विषय कुणी काढला नाही. आमच्या घरची राखेची पाटीही कधीतरी रिकामीच राहिली, आणि मग ती पाटी फुटली म्हणून डब्यात गेली.

मी अनेकदा विचार करतो की आमचं नेमकं काय गेलं. उकिरडा गेला याचं दुःख करावं, तर लोक हसतील. त्याला माश्या होत्या, त्यालाही वास होता; त्याची कवनं करण्याइतका मी हळवा नाही. पण वर्षातून एकदा तो रिकामा होई, आणि रिकामा करणारा माणूस आमच्या तोंडावर आम्ही काय खातो ते सांगे. खाडीची कोळंबी मथुरा आणी, तिची डोकी गोमा नेई, त्यांचा भात होऊन थोडा पोह्यांच्या रूपाने परत येई. ही व्यवस्था कुणी हार घालून सुरू केलेली नव्हती. म्हणून ती मोडली तेव्हा कुणाला भाषण करावं लागलं नाही. मोडल्याचं आम्हाला कळलं तेही वासावरून. गोमा पुन्हा आला नाही. त्याची बायको उठून चालू लागली की नाही, हे मला आजही माहीत नाही. शहाड काही काशी नव्हे. जाऊन विचारून येता आलं असतं. आळीतून कुणीच गेलं नाही.

आता अर्ज करणाऱ्या तरुणाला वाटतं, भरणी नाल्यापर्यंत आली तर आमचा परिसर बिघडेल. ते खरंच आहे. तिच्याखाली काय काय आहे ते अर्जात लिहायला जागा नाही.

त्या ठरावानंतरचा वैशाख मला नको असतानाही आठवतो. आगोटीचे दिवस होते. मथुरा सोड्यांची भरलेली पाटी घेऊन आली, आणि नेहमीप्रमाणे आधी दादासाहेबांच्या मागच्या दारी उतरली. उरलेल्या खळ्याच्या तुकड्यावर तिने ते वाळवले होते. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. सुधाही गेली, मी आमच्या पडवीतून बघत होतो.

माईंनी मूठभर सोडे उचलले, नाकाशी नेले.

"मथुरे, यंदा वास येतो गं."

"सोड्यांना वास येल नाय तर काय, बाय? अत्तर लावू?"

"तो नव्हे. दुसरा."

शेजारणींनी हुंगून पाहिलं. एकीने मान हलवली. सुधानेही चार सोडे नाकाशी नेले आणि परत पाटीत ठेवले. मग मथुरेने स्वतः मूठ भरली. ती खूप वेळ वास घेत होती. तिला मुठीतला वास ओळखू येत नव्हता असं नाही. तो आमचा होता हे तिला आमच्याआधी कळलं असणार. तिने मूठ पाटीत सोडली. नेहमीसारखी भांडली असती तर बरं झालं असतं.

ती पाटीवर फडकं बांधू लागली, तेव्हा माई म्हणाल्या, "एवढं ओझं उन्हातून परत कशाला वाहतेस बाई? त्या डब्यात टाक. गाडी काय, तुमच्याकडेच येते ना."

माईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच तिची दया आली होती.

मथुरेने फडक्याची गाठ मारली आणि वर पाहिलं. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. सुधा वाकली आणि तिने दुसरी बाजू धरली.

घरात आल्यावर तिने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पाट पुढे ओढून बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"जड होती हो पाटी," ती म्हणाली. "त्यातला एकही सोडा तिने डब्यात टाकला नाही."